वीस बाय चार

"वीतभर इंजिनाला रंग द्यायचा, यात अवघड ते काय? एक आठवडा फार झाला!"

असं मी खाडीकाठच्या घाटावर, पिंडासमोर उभी राहून, मोठ्यानं म्हणाले. मी वाशीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या धंद्यात फुशारकी मारायची संधी सहसा येत नाही. मला आली ती एकदाच, आणि साक्षीदार म्हणून अख्खं बोनकोडे गाव तिथं हजर होतं.

माझे वडील, कान्हा जोमा म्हात्रे, जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. इतर माणसं घरी आली की काम विसरतात. बाबा ते सत्त्याऐंशी पट लहान करून घरी आणायचे. आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक अख्खी खोली त्यांच्या रुळांनी अडवली होती. त्यात यार्ड होतं, क्रेन होती, प्लास्टरचा बोगदा होता, आणि एक स्टेशन होतं, जिथं गाड्या वेळेवर यायच्या. खेळणी म्हटलं की त्यांना राग यायचा. "मॉडेल रेल्वे म्हण," ते सांगायचे. आई "पसारा" म्हणायची. त्याचा मात्र राग यायचा नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्या लक्षात आलं, की यार्डात येणारं त्यांचं लाडकं डिझेल इंजिन कोणतीच कंपनी छोट्या आकारात बनवत नाही. दुसरा माणूस हळहळून गप्प बसला असता. बाबा साठीनंतर संगणकावर चित्र काढायला शिकले, इंजिनाचा आराखडा स्वतः केला, रबाळ्याच्या एका कारखान्यातून थ्रीडी प्रिंटरवर त्याची बॉडी छापून आणली आणि आत जुन्या इंजिनाची मोटर बसवली. पांढरंशुभ्र इंजिन तयार झालं. रंग तेवढा राहिला. "निळा आणि मधे सायीचा पट्टा," ते म्हणायचे. "पण असातसा निळा नाही. यार्डातल्या उन्हानं जरा उडालेला." त्या उडालेल्या निळ्याच्या शोधात असतानाच ते गेले.

आणि दहाव्याला कावळा शिवेना.

"दादूस, मालतीवैनीला आमी बगू रं!" अंकुशकाका, बाबांचे धाकटे भाऊ, हात जोडून म्हणाले. कावळा कठड्यावरून हलला नाही.

"पोरीचा लगीन लावू!" बयाआत्यानं जाहीर केलं. पोरगी, म्हणजे मी, बेचाळीस वर्षांची आहे. कावळ्यानं मान दुसरीकडे फिरवली. माझ्या नातेवाइकांपेक्षा त्याला माझी जास्त कदर असावी.

मग लिलावच सुरू झाला. कुणी देवळाला घंटा बोललं, कुणी गावजेवण. ऊन चढत होतं, माणसं भुकेली झाली होती, आणि कावळा निवडणुकीतल्या मतदारासारखा सगळ्यांचं नुसतं ऐकून घेत होता. शेवटी काका कावले आणि ओरडले, "अरे दादूस, तुजा तो इंजिन रंगवून चालवू! झाला?"

कावळा आला आणि भात चोचीत घेऊन उडाला!

मग आत्या म्हणाली, "पन रंगवील कोन?"

त्यावर मी ते वाक्य उच्चारलं. का उच्चारलं असेल, ते तुम्ही समजू शकाल. ज्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचा फरक खपत नसे, त्याचं इंजिन अंकुशकाकांच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती. काकांनी मागच्या दिवाळीत घराचं गेट रंगवलं होतं. त्यांची सायकल, कुंड्या आणि एक मांजर अजून चंदेरी आहेत.

मग मुदतही पडली. इमारत काकांची आणि बाबांची सामायिक. वर्षश्राद्ध झालं की वरची खोली रिकामी करून भाड्यानं द्यायची, असं काकांनी तेराव्यालाच ठरवून टाकलं होतं. म्हणजे बाबांचं इंजिन बाबांच्या रुळांवर एकदा तरी फिरायचं असेल, तर ते वर्षश्राद्धापर्यंतच. आणि फिरायचं, तर बाबा बघून "हं" म्हणतील असंच. "हं" ही त्यांची सर्वोच्च पदवी होती. मला ती बारावीला मिळाली होती.

आठवड्याचं म्हणाल, तर तो कधीच संपला. बाबांच्या मॉडेलवाल्या मित्रांच्या ग्रुपवर मी फक्त "उडालेला निळा कुठला?" एवढं विचारलं, आणि तिथं महायुद्ध पेटलं. कुठल्या शेडचं इंजिन? कोणत्या साली रंगवलेलं? पावसाळ्यापूर्वीचं ऊन की नंतरचं? दोन सभ्य निवृत्त गृहस्थ एकमेकांना ब्लॉक करून ग्रुप सोडून गेले. मी निळ्याच्या छटांची पुस्तकं वाचली. माणसं दुःखात अध्यात्म वाचतात, मी रंगपत्रिका वाचत होते. निळ्यात राख किती, एवढ्याच प्रश्नाकडे बघत राहिलं की दुसरं काही बघावं लागत नाही, हा त्या वाचनाचा मोठा फायदा.

तेवढ्यात काकांनी खोली रिकामी करायची पूर्वतयारी म्हणून बाबांच्या संग्रहाची किंमत काढायला माणूस बोलावला. ऐरोलीचा शिवतेज. दिवसा कंप्युटरवाला, बाकी वेळ इंजिनवाला. बाबांना गुरू मानायचा. हातमोजे घालून त्यानं खालच्या घरात आणून मांडलेलं पहिलं इंजिन उचललं, आणि त्याचा श्वास वर गेला.

"काका, हे जर्मन आहे! आता निघत नाही. यातून चांगली स्कूटर येईल."

"एका इंजिनात?" काकांनी खुर्चीच ओढली. जन्मभर "दादूसचं खूळ" म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर अचानक भावाविषयी प्रेम दाटून आलं.

"मूळ खोका असेल तर दोन स्कूटर. खोका आहे ना?"

"खोके हायत की!" आई म्हणाली. "सगले जपून ठेवलेत."

आई स्वयंपाकघरातून जर्मन, इंग्रजी, जपानी खोक्यांची चळत घेऊन आली. शिवतेजनं पहिला खोका उघडला. आत सुकट होती. दुसऱ्यात बोंबील. तिसऱ्यात, खास इंजिनासाठी कापलेल्या मखमलीच्या खाचेत, वाकटी अगदी नेमकी बसली होती.

"कसा घट्ट झाकन लागतं बग," आई कौतुकानं म्हणाली. "एक मुंगी शिरत नाय. जर्मनीवाल्यांचं काम चांगला हाय."

शिवतेज खाली बसला. त्याला पाणी दिलं. वास घेत घेत त्यानं सांगितलं, की या खोक्यांची किंमत आता फक्त मांजर करू शकेल. काकांचं भावाविषयीचं प्रेम निम्म्यावर आलं.

"आणि ते पांढरं?" मी विचारलं.

त्यानं बाबांचं इंजिन उचललं आणि उजेडात फिरवून पाहिलं. "ताई, याची किंमत नाही सांगता येणार. असं दुसरं नाहीच. रंग नीट झाला, तर कुठलाही संग्राहक मागेल ते देईल."

हे ऐकून काकांचे डोळे पुन्हा लकाकले, आणि मी इंजिन शिवतेजच्या हातातून काढून घेतलं. आता ते विकलंही जाऊ शकत होतं!

शेवटी निळा मिळाला. मी जासईला गेले, यार्डाच्या कुंपणाबाहेर उभी राहिले, आणि उभ्या असलेल्या इंजिनाचा फोटो काढून त्यातून तो उचलला. इतका सोपा होता. बाबांना तो घरबसल्या हवा होता, हीच अडचण. संगणकावर मी त्यांच्याच आराखड्यावर रंग चढवला. उडालेला निळा, सायीचा पट्टा, खाली बारीक क्रमांक. बाकी कोरं. बाबांना इंजिनावर उगाच लिहिलेलं आवडायचं नाही.

आता फक्त ते पातळ स्टिकरवर छापून चिकटवायचं होतं. एका नगासाठी कुणी मशीन चालू करेना. तेव्हा काकांचा मुलगा प्रीतम म्हणाला, "सुनयनाताई, आपला दुकान कशाला हाय?"

प्रीतमचं कोपरखैरण्यात फ्लेक्सचं दुकान आहे. आमच्या भागातला कुठलाही वाढदिवस, निवड, निधन आणि क्रिकेटचा चषक त्याच्या मशीनमधून गेल्याशिवाय अधिकृत होत नाही. मी त्याला फाईल पाठवली आणि फोन केला.

"साईज काय, ताई?"

"वीस बाय चार. दोन्ही बाजू."

"झाला समज. आपलं घरचंच काम हाय, टेन्शन घेऊ नको."

मी टेन्शन घेतलं नाही. जन्मभर पुस्तकांच्या कार्डांवर सेंटिमीटर लिहिणाऱ्या मला सेंटिमीटर हा शब्द उच्चारावासा वाटला नाही. आणि जन्मभर फूट मोजणाऱ्या प्रीतमला विचारावासा वाटला नाही. फ्लेक्सच्या दुकानात वीस बाय चार म्हणजे वीस फूट बाय चार फूट. तिथं दुसरं माप अजून कुणी मागितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले, आणि गावाच्या कमानीवर माझं इंजिन दिसलं.

वीस फूट लांब! उडालेला निळा, सायीचा पट्टा, सगळं तंतोतंत. फक्त ड्रायव्हरच्या खिडकीतून बाबा बाहेर बघत होते. गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी. बाकीच्या खिडक्यांत काका, आत्या, काकू, चुलतभाऊ, त्यांची मुलं, एक जावई आणि गॉगल लावलेला एक इसम, ज्याला मी आजही ओळखत नाही. सायीच्या पट्ट्यावर लाल अक्षरं होती: "कै. कान्हा जोमा म्हात्रे स्मृती इंजिन. भव्य शुभारंभ." खाली वर्षश्राद्धाची तारीख आणि "सर्वांनी अगत्य येणेचे करावे."

"प्रीतम!" मी फोनवर किंचाळले. कमानीवरचे बाबा दचकले असतील. "हे काय आहे?"

"मस्त झालाय ना? तू एवढी मोकली जागा सोडलेलीस, मना वाटलं फोटो टाकायचं राहिलं. बिनफोटोचा ब्यानर मी आजवर छापला नाय, ताई. लोक बोलतील, पैसे नव्हते वाटतं."

"आणि ती साखळी? बाबांनी कधी अंगठीसुद्धा घातली नाही!"

"बोडका गला ब्यानरवर बरा दिसत नाय. आणि तुज्या बाबांचाच पुढला फोटो हाय, सगल्यात मोठा. तुजा नाय टाकला, तू बोललेलीस ना, फोटोबिटो नको."

हे खरं होतं. कुटुंबाच्या कुठल्याही बॅनरवर माझा फोटो टाकायचा नाही, हा माझा वीस वर्षांचा नियम होता. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला असा एखादा नियम लागतो.

मी तो फ्लेक्स उतरवायला सांगेपर्यंत गाव जागं झालं होतं, आणि गावानं त्याचा सरळ अर्थ घेतला होता. वीस फुटांचं इंजिन, तारीख, शुभारंभ. म्हणजे रेल्वेनं कान्हाशेठच्या नावानं खरंखुरं इंजिन काढलं!

"बेस झाला गो पोरी," देवळाजवळ एक आजी माझा हात धरून म्हणाली. "सगलं आयुष्य त्या यार्डात घालवलं, त्याची आठवण ठेवली सरकारनी."

"आजी, ते खरं इंजिन नाही."

"मग काय खोटा? एवढा मोठा?"

दुपारपर्यंत माजी नगरसेवकांचा, म्हणजे गावाच्या भाऊंचा, फोन आला. ते स्वतः हिरवा झेंडा दाखवणार होते. इंजिन कोणत्या फलाटावर येणार, एवढंच त्यांना हवं होतं. संध्याकाळी एक गृहस्थ मुलाचे कागद घेऊन आले, रेल्वेत चिकटवता येईल का म्हणून. बँडवाला ठरला. बयाआत्यानं हिरवी साडी घेतली, झेंड्याला मॅचिंग.

"काका, सांगा ना तुम्ही लोकांना," मी विनवलं.

"मी सांगू?" काका आरशात फेटा बांधून बघत होते. "आता भाऊ येतायत. आता सांगितला तर आपली इज्जत काय?"

"आणि आले की काय दाखवणार?"

"तो तू बग. तू घाटावर बोललीस, मी नाय."

मी प्रीतमला पुन्हा गाठलं. या वेळी पट्टी घेऊन. वीस सेंटिमीटर, चार सेंटिमीटर, असं त्याच्या टेबलावर बोटानं दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं. "एवढुसा? मग आधी सांगायचं ना!" मूळ कोरी फाईल छाप, असं मी त्याला बजावलं. तो हो म्हणाला. पण त्याच दिवसांत कुणाच्या तरी वाढदिवसाचे बॅनर होते, गडबडीत त्यानं कमानीवरचीच फाईल छोटी करून छापली. एवढंच करून थांबला असता तर! पण मला त्रास नको म्हणून त्यानं परस्पर वरच्या खोलीत जाऊन स्टिकर इंजिनावर चिकटवूनही टाकला. गाड्यांच्या काचांना लावतात तो गोंद वापरून.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी खोली उघडली. रुळांवर बाबांचं इंजिन उभं होतं, आणि त्यातून माझं समस्त घराणं तिळाएवढ्या चेहऱ्यांनी माझ्याकडे बघून हसत होतं.

शिवतेज आधीच आला होता. त्यानं भिंग लावलं, नखानं एक कोपरा खरवडून पाहिला आणि मान हलवली. "ताई, काढायला गेलं तर बॉडी तुटेल."

"म्हणजे आता याची किंमत?"

"आता हे फुकट वाटलं तरी कोणी नेणार नाही."

त्या सबंध वर्षात मला बरी वाटलेली ती पहिली बातमी!

खाली बँड वाजला. माजी नगरसेवक, त्यांची माणसं, आत्या, झेंडा आणि अर्धं गाव आमच्या जिन्यावरून वर चढलं. खोलीत मावलं तेवढं आत, बाकीचं जिन्यात.

"इंजिन कुठंय?" भाऊंनी विचारलं.

मी बोट दाखवलं.

भाऊ वाकले. मग आणखी वाकले. "गेली काय गाडी?" जिन्यातून कुणीतरी विचारलं.

काकांचा फेटा घामानं भिजला होता. मला वाटलं, आता हसणार. सगळे हसणार, आणि बाबांच्या आयुष्याची गावभर गंमत होणार. बंद पंखा, लावलेली उदबत्ती, आणि मधे ते बिचारं चेहऱ्यांनी लडबडलेलं इंजिन. मी कळ फिरवली.

इंजिन निघालं. यार्डातून, क्रेनखालून, स्टेशनावरून. भाऊंचा हात आपोआप वर गेला आणि झेंडा हलला. कुणीतरी "आयला!" म्हणालं. इंजिन ऐटीत बोगद्यात शिरलं आणि आत थांबलं.

"अडकला," जिन्याला बातमी दिली गेली.

स्टिकर जाड होता, की काय होतं, देव जाणे. मी वेग वाढवला. मोटर नुसती घुरघुरली. शिवतेज बोगदा उचलायला धावला, काका हात घालायला.

"थांबा जरा," आई म्हणाली. वर्षभर या खोलीची पायरी न चढलेली आई गर्दीतून पुढे आली, बोगद्याच्या मागच्या बाजूला गेली आणि प्लास्टरच्या डोंगरातल्या एका भोकातून तिनं करंगळी आत घातली. इंजिन धक्का लागून बाहेर आलं.

"तितं नेमी अडतं," ती म्हणाली. "चढ जास्ती झालाय तितं. रोज मीच ढकलायची. त्यांना वाटायचं, आपलीआपन जाते."

अर्ध्या मिलिमीटरवाले माझे बाबा! मी खिडकीकडे तोंड करून समोरच्या इमारतीवरच्या पाट्या वाचत राहिले.

मागे मात्र गाव खुलून गेलं होतं. "तो बग, माजा आला!" "आत्या, तुजी खिडकी गेली बग!" प्रत्येकाला फेरीगणिक आपला माणूस बघायचा होता. जिन्यातल्यांना आत सोडायला आतल्यांना बाहेर काढावं लागलं. भाऊंनी भाषण ठोकलं, की असा सोहळा दरवर्षी व्हायला हवा. "दरवर्षी होनार!" काका भावनेच्या भरात गरजले. त्यांचा चेहरा पुढच्याच खिडक्यांत होता आणि झेंडा जणू त्यांनाच दाखवला गेला होता. "ही खोली आता कोनाला द्याची नाय! दादूसची खोली हाय ती!"

भाडेकरूंची आगाऊ रक्कम काकूनं त्याच संध्याकाळी तोंड वाकडं करून परत केली.

तर अशी ती हकीकत. इंजिन रंगलं, फिरलं, खोली राहिली. बाबांनी ते पाहून "हं" म्हटलं नसतं, हे मला ठाऊक आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला असता आणि साखळीबद्दल विचारलं असतं. मी अजून दर रविवारी वर जाते, एक फेरी मारते. आई बोगद्यामागे स्टूल घेऊन बसते.

गेल्या रविवारी प्रीतम वर आला होता. मी सहज, अगदी सहज, विचारलं, "काय रे, यात अजून एखादा फोटो बसेल का?"

"कोनाचा?"

"म्हणजे... माझा. फार मोठा नको."

"बसेल की, वरून नवा स्टिकर मारू! कुठं टाकू? मागे डब्याकडं जागा हाय."

"मागे नको. बाबांच्या बाजूला."

"तितं आत्या हाय, ताई."

"असू दे," मी म्हणाले. "आत्याला जरा सरकव."